सामायिक फाइली : यूनिक्स संगणकांमधील देवाणघेवाण

एखाद्या कचेरीत एकच नोंदवही असली, म्हणजे ती कोणाच्या टेबलावर आहे एवढेच शोधावे लागते. त्याच नोंदवहीच्या दहा प्रती झाल्या आणि प्रत्येक प्रतीत निरनिराळ्या माणसांनी दुरुस्त्या केल्या, म्हणजे खरी नोंद कोणती असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा कोणालाच देता येत नाही. संगणकांच्या जगात हा प्रश्न १९८० नंतरच्या काही वर्षांत तीव्रतेने पुढे आला.

त्यापूर्वी विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत एक मोठा संगणक असे आणि त्याला अनेक टर्मिनले जोडलेली असत. टर्मिनल म्हणजे केवळ पडदा आणि कळफलक. त्यात स्वतःची साठवण काहीच नसे. सर्वांच्या फाइली एकाच यंत्राच्या तबकड्यांवर असल्यामुळे त्या सामायिक कशा करावयाच्या हा विचार करण्याची वेळच येत नसे. पुढे प्रत्येक टेबलावर स्वतंत्र संगणक, म्हणजेच वर्कस्टेशन, येऊ लागले. प्रत्येकाला गणनेचे सामर्थ्य मिळाले. पण फाइली विखुरल्या. एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याला हवा असला, तर त्याची प्रत करून पाठवावी लागे, आणि प्रत झाली की नोंदवहीची जुनी अडचण सुरू होई.

या अडचणीवर जे उपाय निघाले, त्यांपैकी सर्वाधिक टिकलेला उपाय म्हणजे ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ अथवा संक्षेपाने एनएफएस. फाइल एकाच यंत्रावर राहते. इतर यंत्रे ती जाळ्यातून वाचतात व लिहितात. आणि वापरणाऱ्याला ती आपल्याच यंत्रावर असल्यासारखी भासते. हा भास निर्माण करणे फारसे कठीण नाही. थोड्या ओळी लिहून तो साधतो. परंतु तो भासच आहे, हे ज्याला उमगलेले नाही त्याच्या हातून केलेली मांडणी कधीतरी दगा देते. म्हणून मांडणीच्या कृतीबरोबर तिच्यामागील कारणे समजून घेणे आवश्यक ठरते.

यूनिक्सचे झाड

यूनिक्स ही संगणक चालविणारी प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये विकसित करण्यास प्रारंभ केला. तिची फाइलींची व्यवस्था झाडासारखी आहे. अगदी तळाशी ‘मूळ’ अथवा रूट नावाची निर्देशिका. तिच्यातून फांद्यांसारख्या इतर निर्देशिका. त्यांतून आणखी उपनिर्देशिका. आणि शेवटी पानांच्या जागी फाइली. संगणकाला दुसरी तबकडी जोडली, तर तिचे वेगळे झाड लावले जात नाही. आंब्याच्या रोपावर दुसऱ्या झाडाच्या डहाळीचे कलम बांधावे, तशी त्या तबकडीवरील फाइलींची डहाळी मूळ झाडाच्या एखाद्या निर्देशिकेवर बांधली जाते. या क्रियेला ‘माउंट’ करणे असे म्हणतात. कलम एकदा बसले, की वापरणाऱ्याला फांदी कोणत्या तबकडीवरची आहे हे जाणण्याचे कारण उरत नाही.

एनएफएसची कल्पना या क्रियेचेच पुढचे पाऊल आहे. जे कलम शेजारच्या तबकडीचे बांधता येते, ते दुसऱ्या संगणकावरील तबकडीचे का बांधता येऊ नये?

यूनिक्सची दुसरीही एक रीत येथे ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट असतो. मालकाने, गटाने व इतरांनी ती वाचावी, लिहावी की चालवावी, याची परवानगी नऊ खुणांनी नोंदलेली असते. मात्र मालकाचे नाव फाइलीवर लिहिलेले नसते. लिहिलेला असतो तो केवळ एक क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, हे त्या त्या संगणकावरील एका यादीवरून ठरते. एकाच यंत्रापुरती ही रीत निर्दोष आहे. दोन यंत्रे एकत्र आली की तिच्यातून काय उद्भवते, ते पुढे दिसेल.

सन कंपनीची योजना

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. इतर तिघे अँडी बेक्टोल्सहाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय. ‘सन’ हे नाव स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणक-जाळ्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून आले. वर्कस्टेशने तयार करणे हा कंपनीचा व्यवसाय होता. त्या काळी तबकडी हा संगणकातील महाग भाग होता. प्रत्येक वर्कस्टेशनला स्वतःची तबकडी न देता एका मोठ्या यंत्राच्या तबकड्या सर्वांना जाळ्यातून वापरू दिल्या, तर खर्चात मोठी बचत होणार होती. शिवाय फाइली एका जागी राहणार होत्या.

रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लाइमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन यांनी या व्यवस्थेचा आराखडा १९८५ च्या उन्हाळ्यात यूनिक्स वापरणाऱ्यांच्या ‘यूजनिक्स’ परिषदेत, पोर्टलंड येथे मांडला. व्यवस्था कोणत्याही एका यंत्राशी वा प्रणालीशी बांधलेली नसावी, यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले तर ती सहजपणे सावरावी, वापरणाऱ्याच्या कार्यक्रमांत बदल करावा लागू नये आणि वेग स्थानिक तबकडीच्या सुमारे ८० टक्के तरी असावा, अशी उद्दिष्टे त्यांनी ठेवली होती. पहिली आवृत्ती कंपनीच्या बाहेर पडलीच नाही. १९८५ मध्ये लोकांच्या हाती आली ती दुसरी.

भिन्न यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, की प्रथम भाषेचा प्रश्न येतो. सनच्या तत्कालीन यंत्रांतील मोटोरोला प्रक्रियक मोठ्या संख्येचा सर्वांत मोठ्या किमतीचा भाग आधी ठेवीत. व्हॅक्स संगणक तो शेवटी ठेवीत. एकाने पाठविलेली संख्या दुसऱ्याने जशीच्या तशी वाचली, तर अर्थाचा अनर्थ झाला असता. म्हणून जाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे एक ठरावीक लेखन निश्चित करण्यात आले. त्याच्या जोडीला एका यंत्रावरील कार्यक्रमाने दुसऱ्या यंत्राला ‘हे काम कर आणि उत्तर दे’ असे सांगण्याची एक पद्धत तयार करण्यात आली. सन कंपनीने या संकेतांचे वर्णन गुप्त न ठेवता प्रसिद्ध केले. परिणामी प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही ती व्यवस्था आपल्या यंत्रांत आणली, आणि थोड्याच वर्षांत एनएफएस ही यूनिक्सच्या जगाची सामायिक मालमत्ता झाली.

न आठवणारा सर्व्हर

फाइली देणाऱ्या यंत्राला सर्व्हर व घेणाऱ्या यंत्राला क्लायंट म्हणतात. एनएफएसच्या आरंभीच्या रचनेचे वैशिष्ट्य असे, की सर्व्हर कोणतीही आठवण ठेवीत नाही.

ग्रंथालयाचे उदाहरण घेता येईल. समजा, एखादा वाचक दररोज येऊन ग्रंथपालाला म्हणतो, ‘काल जेथे थांबलो होतो तेथून पुढची दहा पाने द्या.’ येथे वाचक कोणते पुस्तक वाचतो आहे आणि कोठवर पोहोचला आहे, हे ग्रंथपालाने लक्षात ठेवणे भाग आहे. ग्रंथपाल बदलला, की सर्व वाचकांचा खोळंबा होतो. याउलट वाचक जर म्हणाला, ‘अमुक क्रमांकाच्या पुस्तकाची एक्केचाळीस ते पन्नास ही पाने द्या,’ तर आज नव्याने रुजू झालेला ग्रंथपालही ती मागणी पुरी करू शकतो.

एनएफएसमधील प्रत्येक मागणी या दुसऱ्या प्रकारची असते. क्लायंटने एखादी फाइल प्रथम शोधली, की सर्व्हर तिचा एक बिल्ला देतो. दुसऱ्या आवृत्तीत तो ३२ बाइटांचा असे. तो कसा तयार झाला हे क्लायंटला कळण्याची गरज नसते. पुढील प्रत्येक मागणीबरोबर तो दाखवावयाचा आणि कोठून किती मजकूर हवा ते सांगावयाचे, इतकेच. सर्व्हर मध्येच बंद पडला आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाला, तरी क्लायंट तीच मागणी पुन्हा पाठवितो आणि काम तुटलेल्या धाग्यापासून पुढे चालू होते. उत्तर वाटेत हरवले तरी बिघडत नाही, कारण तीच पाने दोनदा मागितल्याने पुस्तकात फरक पडत नाही.

काही कामे मात्र अशी निरुपद्रवी नसतात. फाइल पुसण्याची मागणी पोहोचली, फाइल पुसली गेली, पण उत्तर हरवले, तर दुसऱ्या मागणीला ‘अशी फाइलच नाही’ असे उत्तर येईल आणि क्लायंट ते अपयश समजेल. त्यामुळे न आठवणाऱ्या सर्व्हरलाही अलीकडच्या काही मागण्यांची व उत्तरांची छोटी यादी जवळ बाळगावी लागली. तत्त्व शुद्ध असले, तरी व्यवहाराला अशी थोडी मुरड घालावी लागते.

सर्व्हरच्या बाजूची मांडणी

प्रत्यक्ष मांडणी समजण्यासाठी एका काल्पनिक संस्थेचे चित्र डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. संस्थेत लिनक्स या यूनिक्स-सदृश प्रणालीवर चालणारे वीस संगणक आहेत. त्यांपैकी मोठ्या तबकड्यांचा एक सर्व्हर आहे. बाकीचे एकोणीस क्लायंट. सर्वांचे जाळ्यातील पत्ते १९२.१६८.१ या अंकांनी सुरू होतात. सर्व्हरवर दोन निर्देशिका सामायिक करावयाच्या आहेत : एक सर्वांनी केवळ वाचावयाच्या ग्रंथांची, दुसरी प्रत्येकाच्या स्वतःच्या कामाची.

सर्व्हरवर ‘एक्स्पोर्ट्स’ नावाची एक छोटी मजकूर-फाइल असते. तिच्यातील प्रत्येक ओळीत तीन गोष्टी सांगावयाच्या असतात : कोणती निर्देशिका, कोणाला आणि कोणत्या अटींवर. ग्रंथांच्या निर्देशिकेला ‘केवळ वाचन’ ही अट घालावी; कामाच्या निर्देशिकेला ‘वाचन व लेखन’. ‘कोणाला’ या जागी संस्थेच्या जाळ्याचे पत्ते लिहावे. ही फाइल लिहून झाल्यावर सेवा सुरू करावी आणि यादी पुन्हा वाचण्याची आज्ञा द्यावी. यंत्र बंद करून सुरू करण्याची आवश्यकता नसते. सोलॅरिस अथवा फ्रीबीएसडी या प्रणालींत या ओळींचे लेखन वेगळ्या रीतीने होते, परंतु तीन प्रश्न तेच राहतात.

लिनक्समध्ये अटी कंसात लिहितात आणि तो कंस क्लायंटच्या नावाला किंवा पत्त्याला चिकटून असावा लागतो. या दोहोंमध्ये चुकून एक रिकामी जागा पडली, तर ओळीचा अर्थच पालटतो : त्या क्लायंटला ठरावीक सामान्य अटी लागू होतात, आणि कंसातील ‘वाचन व लेखन’ ही मुभा जगातील प्रत्येक संगणकाला मिळते. सर्व काही चालू असल्यामुळे ही चूक कोणाच्या नजरेस येत नाही. म्हणून मांडणी पुरी झाल्यावर सर्व्हर प्रत्यक्षात काय आणि कोणाला देत आहे, याची यादी मागवून वाचणे, ही शेवटची पायरी कधीही गाळू नये.

दुसरी महत्त्वाची अट लेखनाच्या वेळेविषयीची आहे. क्लायंटने मजकूर पाठविला. सर्व्हरने ‘मिळाला’ असे उत्तर केव्हा द्यावे? मजकूर तबकडीवर खरोखर उतरल्यानंतर, की तो केवळ स्मृतीत पोहोचल्याबरोबर? पहिल्या रीतीला ‘सिंक’ व दुसरीला ‘एसिंक’ म्हणतात. दुसऱ्या रीतीत काम झपाट्याने होते. पण त्याच क्षणी वीज गेली, तर स्मृतीतील मजकूर नाहीसा होतो आणि क्लायंट मात्र तो सुरक्षित आहे असे समजून आपली प्रत टाकून देतो. ज्या गावी वीज दिवसातून दोनदा जाते, तेथे हा केवळ तात्त्विक धोका राहत नाही. लिनक्सच्या जुन्या साधनांत एसिंक ही रीत न सांगता लागू होत असे. नंतर ती बदलून सिंक करण्यात आली.

वेग आणि सुरक्षितता यांचा मेळ तिसऱ्या आवृत्तीने अधिक चांगला घातला. तिच्यात क्लायंट मजकूर झपाट्याने पाठवीत राहतो आणि शेवटी ‘आता सर्व पक्के करा’ अशी एक मागणी करतो. तोवर तो आपली प्रत टाकत नाही. सर्व्हर प्रत्येक उत्तराबरोबर एक खूण पाठवितो, आणि सर्व्हर नव्याने सुरू झाला की ती बदलते. खूण बदललेली दिसताच क्लायंट समजतो, की मधले लेखन हरवले असावे, आणि ते पुन्हा पाठवितो.

क्लायंटच्या बाजूची मांडणी

क्लायंटवर प्रथम एक रिकामी निर्देशिका तयार करावी. कलम बांधावयाची ही जागा. त्यानंतर सर्व्हरचे नाव, त्यावरील निर्देशिका आणि ही जागा सांगून माउंटची आज्ञा द्यावी. त्याच क्षणापासून त्या निर्देशिकेत सर्व्हरवरील फाइली दिसू लागतात. संगणक सुरू होताना हे आपोआप व्हावे, अशी इच्छा असल्यास माउंटांच्या कायम यादीत एक ओळ लिहावी, आणि जाळे सुरू झाल्यावरच ते करावे अशी सूचना तिच्यात असावी. अन्यथा संगणक अजून न जोडलेल्या जाळ्यापलीकडे सर्व्हर शोधीत बसतो.

क्लायंटसमोर येणारा मुख्य निर्णय असा : सर्व्हरकडून उत्तर आले नाही, तर काय करावे? ‘कठीण’ माउंटमध्ये क्लायंट पुन्हा पुन्हा मागणी करीत राहतो. कार्यक्रम जागच्या जागी थांबतो. सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, असा संदेश पडद्यावर येतो. आणि सर्व्हर परतला की काम पुढे चालते. ‘मृदू’ माउंटमध्ये क्लायंट काही प्रयत्नांनंतर हार मानतो आणि कार्यक्रमाला त्रुटी कळवितो.

थांबून राहिलेल्या पडद्यासमोर बसणे कोणालाही आवडत नाही. त्यामुळे नवख्या व्यवस्थापकाला मृदू माउंटचा मोह होतो. परंतु अनेक कार्यक्रम लेखनातील त्रुटीकडे पाहतही नाहीत. अर्धी फाइल लिहिली गेली, अर्धी राहिली, आणि कार्यक्रमाने ‘काम पूर्ण’ असे सांगितले, अशी अवस्था त्यातून होते. थांबलेले काम दिसते. बिघडलेली फाइल काही महिन्यांनी, गरजेच्या वेळीच उघडकीस येते. म्हणून जेथे लेखन होते तेथे कठीण माउंट वापरावा, हा नियम अनुभवातून सिद्ध झाला आहे. केवळ वाचावयाच्या ग्रंथांसाठी मृदू माउंट चालू शकेल.

विश्वास कोणावर?

आता क्रमांकांच्या प्रश्नाकडे वळता येईल. एनएफएसच्या मूळ पद्धतीत क्लायंट प्रत्येक मागणीबरोबर वापरणाऱ्याचा क्रमांक पाठवितो, आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. समजा, सर्व्हरच्या यादीत १००४ हा क्रमांक हिशेबनीसाचा आहे आणि एका क्लायंटवर तोच क्रमांक प्रशिक्षणार्थ्याला दिलेला आहे. त्या क्लायंटवरून प्रशिक्षणार्थी हिशेबाच्या फाइली खुशाल उघडू शकतो. त्याने कोणतेही कुलूप तोडलेले नसते. दोन यंत्रांच्या याद्या जुळत नव्हत्या, इतकेच. म्हणून सामायिक फाइलींच्या आधी सामायिक याद्या हव्यात : सर्व यंत्रांवर एका व्यक्तीला एकच क्रमांक. सन कंपनीने यासाठी एक मध्यवर्ती यादीसेवा तयार केली होती. आज हे काम बहुधा एलडॅप या निर्देशसेवेकडून करून घेतात.

यूनिक्समध्ये ‘रूट’ हा सर्वाधिकारी वापरकर्ता असतो व त्याचा क्रमांक शून्य असतो. क्लायंटच्या रूटला सर्व्हरवरही तोच अधिकार मिळाला, तर एकोणीस यंत्रांपैकी कोणत्याही एकाचा ताबा घेणारा मनुष्य सर्व फाइलींचा धनी होईल. यासाठी सर्व्हर शून्य क्रमांकाने आलेल्या मागणीला ‘कोणी नाही’ या नावाच्या, काहीही अधिकार नसलेल्या वापरकर्त्याचा क्रमांक देतो. या अटीला ‘रूट स्क्वॉश’ म्हणतात. ती लिनक्समध्ये आपोआप लागू असते, आणि काही काम अडले म्हणून घाईने काढून टाकणे धोक्याचे आहे.

तरीही मुख्य उणीव राहतेच. क्लायंटचा रूट स्वतःच्या यंत्रावर कोणताही क्रमांक धारण करू शकतो. जुन्या काळी क्लायंट यंत्रे संस्थेच्या कुलूपबंद खोलीत असत आणि रूटचा संकेतशब्द व्यवस्थापकाजवळ असे. त्या व्यवस्थेत यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवणे वाजवी होते. ज्या दिवशी प्रत्येक जण स्वतःचा संगणक बगलेत घेऊन येऊ लागला, त्या दिवशी या विश्वासाचा पाया ढळला.

त्यावरील उपाय मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या ‘अथीना’ प्रकल्पातून आला. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरील तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून त्याला ‘कर्बरॉस’ हे नाव मिळाले. त्यात वापरणारा मनुष्य एका विश्वासू यंत्राकडे आपली ओळख सिद्ध करून काही काळापुरते ‘तिकीट’ घेतो, आणि सर्व्हर क्रमांकाऐवजी ते तिकीट तपासतो. हवे असल्यास मजकुरात वाटेत फेरफार झाला नाही याची खात्री, आणि त्याहून पुढे जाऊन मजकुराचे गुप्त लेखनही करता येते. प्रत्येक पायरीला थोडा वेग खर्ची पडतो. २०२२ मध्ये जाळ्यातील संकेतस्थळांना सुरक्षित ठेवणारी टीएलएस पद्धतच या मागण्यांना लागू करण्याचा मानक आराखडा प्रसिद्ध झाला. तिकिटांची व्यवस्था उभारणे ज्यांना जड जाते, त्यांना त्यामुळे निदान वाटेतील मजकूर झाकण्याचा मार्ग मिळाला.

दोन हात, एक फाइल

वेग मिळावा म्हणून क्लायंट वाचलेला मजकूर काही काळ जवळ ठेवतो आणि प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारीत नाही. फाइल शेवटची केव्हा बदलली, यासारखी माहिती लिनक्समध्ये सर्वसाधारणपणे ३ ते ६० सेकंदांपर्यंत जुनी असू शकते. यात वचन एवढेच आहे, की एकाने फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने ती उघडली, तर दुसऱ्याला पहिल्याचे लेखन दिसेल. दोघांनी ती एकाच वेळी उघडी ठेवली असेल, तर हे वचन लागू पडत नाही. दोन यंत्रांनी एकाच फाइलीच्या शेवटी ओळी जोडण्यास प्रारंभ केला, तर फाइलीचा शेवट कोठे आहे हे प्रत्येक यंत्र आपल्या माहितीनुसार ठरविते, आणि एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीवर पडून नाहीशी होऊ शकते. प्रत्येक यंत्राची दैनंदिन नोंद वेगळ्या फाइलीत ठेवावी, ही साधी खबरदारी येथे पुरेशी होते.

जेथे एकच फाइल अनेकांनी लिहिणे अटळ असते, तेथे कुलपाची गरज लागते : एकाचे होईपर्यंत दुसऱ्याने थांबावे. पण कुलूप कोणाजवळ आहे हे सर्व्हरने लक्षात ठेवलेच पाहिजे. न आठवण्याच्या तत्त्वाशी हे जुळेना, म्हणून आरंभी कुलपांसाठी वेगळी सेवा जोडावी लागली. चौथ्या आवृत्तीने, जिचा पहिला मानक आराखडा २००० मध्ये व सुधारलेला २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, हा पेच निराळ्या रीतीने सोडविला. तिच्यात सर्व्हर कोणती फाइल कोणी उघडली आहे व कुलूप कोणाचे आहे हे लक्षात ठेवतो. मात्र ही मालकी भाडेपट्ट्यासारखी ठरावीक मुदतीची असते आणि क्लायंटने तिचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. क्लायंट बंद पडला, तर मुदत संपताच कुलूप सुटते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर तो काही काळ नवी कुलपे देत नाही. जुन्या धारकांना आपला हक्क पुन्हा सांगण्याची संधी देतो. लिनक्समध्ये हा काळ सामान्यतः ९० सेकंदांचा असतो. सर्व्हर सुरू झाला तरी दीड मिनिट काही कार्यक्रम थबकलेले का दिसतात, याचे कारण हेच.

चौथ्या आवृत्तीने आणखी एक सोय केली. आधीच्या आवृत्त्यांत माउंट, कुलपे व इतर सेवांसाठी जाळ्याची अनेक दारे उघडी ठेवावी लागत. आता २०४९ क्रमांकाचे एकच दार पुरते. संस्थेच्या जाळ्यावर पहारा ठेवणाऱ्याचे काम त्यामुळे पुष्कळ सोपे झाले.

अडचणींचा माग

एनएफएस बिघडली, म्हणजे कारणांचा शोध खालून वर घ्यावा. सर्व्हर जाळ्यावर पोहोचतो का? त्यावरील सेवा चालू आहे का? इच्छित निर्देशिका दिल्या जाणाऱ्यांच्या यादीत आहे का, आणि आपला पत्ता तिच्यात बसतो का? माउंट होऊनही परवानगी नाकारली जात असेल, तर दोन्हीकडील क्रमांक जुळतात का? मूळ पद्धतीत एका व्यक्तीचे जास्तीत जास्त १६ गटच मागणीबरोबर पाठविता येतात. सतराव्या गटामुळे मिळणारी परवानगी कोणतेही उघड कारण न दिसता नाकारली जाते, हेही स्मरणात असावे.

‘बिल्ला शिळा झाला’ या अर्थाचा एक संदेश नवख्यांना गोंधळात टाकतो. व्यवस्थापकाने सर्व्हरवरील निर्देशिका पुसून त्याच नावाची दुसरी निर्माण केली, तरी क्लायंटजवळचा बिल्ला जुन्या निर्देशिकेचा असतो. नाव तेच असले तरी वस्तू ती नव्हे. जुने कलम काढून नवे बांधणे, हाच त्यावरील उपाय.

उपसंहार

दुसऱ्या आवृत्तीत दोन अब्ज बाइटांहून मोठ्या फाइली व्यवहारात हाताळता येत नसत. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने ती मर्यादा दूर केली. सन कंपनीने १९९८ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या संकेतांवरील नियंत्रण इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या संस्थेकडे सोपविले. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सनला विकत घेतले आणि ते नाव मागे पडले; एनएफएस मात्र चालू राहिली. तिची ४.२ ही आवृत्ती २०१६ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

आरंभी उल्लेखिलेल्या कचेरीत आता नोंदवही पुन्हा एकच झाली आहे आणि ती प्रत्येकाच्या टेबलावर दिसते. परंतु ती जेथे खरोखर ठेवलेली आहे त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, तेथील दिवा गेला तर काय होईल आणि दोघांनी एकदम लेखणी उचलली तर कोणी थांबावे, हे प्रश्न यंत्र सोडवीत नाही. ‘एक्स्पोर्ट्स’ फाइलीतील चार ओळी लिहिताना व्यवस्थापक त्यांचीच उत्तरे देत असतो. त्या चार ओळींसोबत आणखी एक काम उरते, आणि ते एनएफएस करीत नाही. नोंदवही एकच असल्यामुळे ती गहाळ झाली तर सर्वांचीच जाते. म्हणून सर्व्हरवरील फाइलींची एक प्रत नियमाने दुसऱ्या ठिकाणी ठेवलीच पाहिजे. प्रतींचा गोंधळ टाळण्यासाठी जन्मलेल्या व्यवस्थेलाही एका नीट जपलेल्या प्रतीवाचून भागत नाही.